उरलेल्या टर्कीची कोशिंबीर

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. थँक्सगिव्हिंगला दरवर्षी घरी आठ-दहा मंडळी जमतात. त्यांतली निम्मी शाकाहारी, तरी मुलांच्या हट्टापायी अख्खी टर्की भाजायचीच. यंदा १४ पौंडांची आणली आणि निम्म्याहून जास्त उरली. शुक्रवारी मायक्रोवेव्हमध्ये गरम केली, तर तिला कसलासा जुनाट वास आला. शनिवारी शेजारणीनं सांगितल्याप्रमाणे मेयोनीज घालून सॅलड केलं. चव बरी होती, पण दोन घासांतच पोट जड झालं. सासूबाई सध्या आमच्याकडे आल्या आहेत. त्या म्हणाल्या, "अगं, मग कोशिंबीर का नाही करत याची?" तेव्हा आम्ही हसलो, पण नंतर वाटलं, खरंच होईल का? आणि त्यांचाच आणखी एक प्रश्न : एवढा मोठा पक्षी आपल्याकडे कधी आलाच नव्हता का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : होईल, आणि उत्तम होईल. सासूबाईंनी नेमका शब्द सांगितला आहे. मीही काही वर्षं अमेरिकेत काढली, आणि नोव्हेंबरअखेरीस फ्रिजचं दार उघडलं की समोर ते फॉइलमध्ये गुंडाळलेलं धूड दिसायचं. त्याचं काय करायचं हा प्रश्न माझ्याही घरात दरवर्षी यायचा, म्हणून तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं.

आधी त्या वासाचं सांगते, कारण सगळं पुढचं त्यावर अवलंबून आहे. तुमची टर्की शुक्रवारी नासलेली नव्हती. मांस शिजतं तेव्हा त्याच्या पेशी फुटतात आणि स्नायूंना लाल रंग देणाऱ्या प्रथिनातलं लोह मोकळं होतं. हे लोह आणि हवेतला प्राणवायू मिळून मांसातल्या चरबीवर काम करू लागतात. फ्रिजमध्ये हे काम मंदावतं, थांबत नाही. रात्रभरात चरबी थोडी खवट होते, आणि दुसऱ्या दिवशी आपण ते मांस तापवलं की तो खवटपणा वाफेबरोबर थेट नाकात जातो. अमेरिकेतल्या अन्नशास्त्रज्ञांनी १९५८ साली याला नावच दिलं, 'पुन्हा तापवल्याची चव' अशा अर्थाचं. टर्कीला हा त्रास कोंबडीपेक्षा जास्त होतो. तिच्या चरबीत लवकर खवट होणारा भाग अधिक असतो, आणि खवटपणा रोखणारं ई जीवनसत्त्व तिच्या मांसात फार साठत नाही.

म्हणजे उरलेली टर्की पुन्हा तापवणं हाच तिच्यावरचा अन्याय आहे. ती गार खावी. गार मांसातून तो वास फारसा वर येत नाही, आणि लिंबू, आलं, कोथिंबीर, मिरची यांच्या सोबतीनं उरलासुरलाही जाणवत नाही. आपल्याकडे शिळं अन्न म्हटलं की हात आधी कढईकडे जातो. फोडणीचा भात आणि पोळीचा कुस्करा मलाही जीव की प्राण आहेत. पण भात-पोळीला जो न्याय, तो या पक्ष्याला लावू नये.

गार खायचं म्हटलं की स्वच्छतेचा प्रश्न येतो, आणि तिथे मी अजिबात सैल नाही. जेवणं आटोपून गप्पा रंगतात, टेबलावर टर्की तशीच उघडी राहते, आणि कोणीतरी येता-जाता एक तुकडा तोंडात टाकतं. हे दोन तासांच्या वर चालू देऊ नका. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम हाच आहे : दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि फ्रिज ४ अंश सेल्सियसच्या, म्हणजे तिथल्या ४० अंश फॅरनहाइटच्या खाली. अख्खी टर्की तशीच फ्रिजमध्ये ढकलू नका. एवढ्या मोठ्या पिंडाच्या पोटातली ऊब तासन् तास टिकते आणि जंतूंना तेच हवं असतं. मांस हाडावरून काढून उथळ डब्यांत पसरा. पोटात सारण भरलं असेल तर ते त्याच वेळी काढून वेगळ्या डब्यात ठेवा.

असं ठेवलेलं मांस तीन ते चार दिवस चांगलं राहतं. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, हे १९४१ च्या कायद्यानं पक्कं झालं. गुरुवारी रात्री भाजलेल्या टर्कीचं आयुष्य त्यामुळे जवळजवळ त्या लांब सुट्टीएवढंच, फार तर सोमवारपर्यंत. सॅलडमध्ये कालवलं म्हणून मांसाचं वय पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होत नाही, हे विसरू नका. रविवारपर्यंत संपणार नाही असं वाटतं तेवढं शुक्रवारी सकाळीच लहान पुड्या करून फ्रीझरमध्ये टाका. घरात कोणी गरोदर असेल किंवा कोणाची प्रतिकारशक्ती कमी असेल, तर त्यांना मात्र गार सॅलड न देता उकळता रस्साच द्या. तो ७४ अंशांपर्यंत नीट तापला पाहिजे.

आता मांस सोडवण्याचं. हे काम गुरुवारी रात्रीच करायचं, टर्की कोमट असताना. गार झाली की मांस हाडाला धरून बसतं. छातीचा मोठा पांढरा भाग सुरीनं आडवा कापा, म्हणजे त्याचे लांब धागे आखूड होतील आणि कोरडं मांस तोंडात चिवट लागणार नाही. मांडीचं गडद मांस मात्र हातानं सोडवा. ते मऊ असतं, बोटांनी सहज सुटतं, आणि त्याच्या खडबडीत कडांना दही चांगलं धरून राहतं. पाठीच्या बाजूला, मांडीच्या सांध्यापाशी, हाडाच्या खोबणीत दोन्हीकडे एकेक गोटीएवढा तुकडा दडलेला असतो. पक्ष्यातला सगळ्यात रसाळ घास तोच, आणि बहुतेक घरांत तो हाडांबरोबर कचऱ्यात जातो. अंगठा खोबणीत घालून तो अलगद उचला. सॅलडमध्ये नका घालू, उभ्या उभ्या खाऊन टाका. चार तास ओव्हनपाशी राबलेल्या माणसाचा तो हक्क आहे.

कातडी सोडवून बाजूला ठेवा. बरीचशी चरबी तिथेच असते. कातडी काढलेल्या छातीच्या १०० ग्रॅम मांसात सुमारे ३० ग्रॅम प्रथिनं आणि जेमतेम दोनेक ग्रॅम चरबी असते. तेव्हा तुमचं पोट जड झालं ते टर्कीमुळे नव्हे.

जड होतं ते मेयोनीज. अमेरिकेत ज्या बरणीवर मेयोनीज असं लिहायचं, तिच्यात वजनाच्या निदान ६५ टक्के तेल असलंच पाहिजे, असा तिथला नियम आहे. एका मोठ्या चमच्यात ९० ते १०० उष्मांक होतात. शेजारीण सांगते तसं वाटीभर मेयोनीज घातलं तर ते दीड हजारांच्या घरात जातं. तेवढ्याच वाटीभर साध्या दह्यात दीडशेच्या आसपास. मला मेयोनीजचा राग नाही, पण गुरुवारच्या जेवणानंतर, मॅश्ड पोटॅटो, ग्रेव्ही आणि पम्पकिन पाय पोटात असताना, शनिवारी पुन्हा वाटीभर तेल कशाला?

कोशिंबीर इथे कामी येते. जरा विचार केला तर कोशिंबीर करणाऱ्या आपल्या आज्यांनी सॅलडचे सगळे अवघड प्रश्न आधीच सोडवून ठेवलेत. भाजीचं पाणी सुटतं, म्हणून काकडी पिळून घ्यायची. दही पातळ होतं, म्हणून दाण्याचं कूट घालायचं, ते पाणी शोषून घेतं. चरबी कमी आहे, म्हणून चव आणायला चमचा-दोन चमचे तेलाची फोडणी, कारण मोहरी, हिंग, मिरची यांचा वास तेलात उतरतो आणि तेवढंसं तेल सगळ्या भांड्यात फिरतं. आणि मीठ शेवटी.

शेवटच्या गोष्टीची किंमत मी मोजली आहे. पहिल्या वर्षी पाहुणे संध्याकाळी येणार म्हणून दुपारीच सगळं कालवून, मीठ घालून, झाकून ठेवलं. संध्याकाळी झाकण काढलं तर वर काकडीचं आणि दह्याचं पाणी, आणि त्यात बुडालेले टर्कीचे पांढरे धागे. मीठ भाजीतलं पाणी ओढून बाहेर काढतं, हे मला माहीत होतं, तरी घाईत चुकले. सगळं गाळून घेतलं, नवं दही घातलं, पण काकडीचा कुरकुरीतपणा परत आला नाही.

आता चौघांसाठी करायची पद्धत सांगते.

टर्कीचे तुकडे तीन वाट्या घ्या, साधारण ४०० ग्रॅम, दोन वाट्या पांढरं आणि एक वाटी गडद. नुसतं पांढरं घेतलं तर कोरडं होतं. दही साय असलेल्या दुधाचं, दीड वाटी, फडक्यात बांधून फ्रिजमध्येच तासभर टांगून ठेवा. चक्का व्हायला नको, जरासं घट्ट व्हायला हवं. ग्रीक दही असेल तर टांगायची गरज नाही, पण बिनचरबीचं घेऊ नका. ते मांसाबरोबर खडूसारखं लागतं.

मांसावर एका लिंबाचा रस, किसलेलं आलं आणि तीन-चार चमचे टर्कीचा रस्सा घाला. हा रस्सा म्हणजे काय? भाजण्याच्या ट्रेमध्ये जे साठतं ते एका भांड्यात ओतून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर पांढरी चरबी थिजलेली असते, ती चमच्यानं उचलून काढा. खाली तपकिरी, थरथरणारी जेली उरते. हाडाजवळच्या चिवट भागांतून ओव्हनच्या उष्णतेनं सुटलेलं ते सत्त्व असतं. त्यातले चार चमचे जरा कोमट केले की पातळ होतात. ते मांसावर घाला, हातानं चोळा आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशीच्या कोरड्या छातीला ओलावा आणायला मला याहून चांगला उपाय सापडलेला नाही, आणि यात तेलाचा थेंबही नाही.

काकडी चोचवून घ्या. अमेरिकेतल्या जाड सालीच्या, मेण लावलेल्या काकडीपेक्षा प्लास्टिकमध्ये गुंडाळून मिळणारी लांब काकडी घ्या. तिला बिया कमी आणि साल पातळ. डाव्या हातात उभी धरून सुरीनं वरून टकटक घाव घालायचे, मग पातळ काप सोडायचे, आपल्या घरी खमंग काकडीला करतात तसं. किसलेली काकडी इथे चालत नाही, तिचा लगदा होतो. चोचवलेली काकडी पिळून पाणी काढा आणि ते पाणी ताकात घाला.

सेलरीचा एक देठ बारीक चिरून, आणि एक आंबट हिरवं सफरचंद, फोडी लिंबात घोळवून. सफरचंद आणि सेलरी ही अमेरिकेतली जुनी जोडी आहे. न्यू यॉर्कच्या वॉल्डॉर्फ हॉटेलात १८९० च्या दशकात ती मेयोनीजमध्ये कालवून मांडली गेली आणि हॉटेलचं नावच त्या सॅलडला चिकटलं. अक्रोड त्यात नंतर आले. आपण जोडी ठेवू, मेयोनीज सोडू.

थँक्सगिव्हिंगच्या घरात कच्च्या क्रॅनबेरीची अर्धी पिशवी हमखास पडलेली असते. मूठभर क्रॅनबेरी जाडसर चिरा, त्यात चमचाभर साखर, चिमूटभर मीठ, एक हिरवी मिरची बारीक करून घाला आणि दहा मिनिटं बाजूला ठेवा. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मला लगेच कच्च्या करवंदाची आठवण झाली. तोच तुरटपणा, तेच दातांना शिवशिवणं. अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत तिचं लोणचंही घालतात, करवंदाचं घालतात तसंच, मोहरी-मेथी लावून. सासूबाईंना एक क्रॅनबेरी चाखायला द्या, त्या लगेच ओळखतील.

वाढायच्या दहा मिनिटं आधी मांस, काकडी, सेलरी, सफरचंद, दही आणि दोन मोठे चमचे दाण्याचं कूट एकत्र करा. पाहुण्यांपैकी कोणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का, हे आधी विचारा. अमेरिकेत हे विचारणं शिष्टाचारातच धरतात. अ‍ॅलर्जी असेल तर भाजलेलं भोपळ्याचं बी कुटून घाला, पाणी शोषायचं काम तेही करतं. दोन चहाचे चमचे तेल तापवून मोहरी, जिरं, हिंग आणि चिरलेली मिरची घाला. हळद नको, दही पिवळट दिसतं. फोडणी जरा निवू द्या. उकळती फोडणी दह्यावर ओतली की ते तिथल्या तिथे फाटून दाणेदार होतं. वरून क्रॅनबेरी आणि भरपूर कोथिंबीर.

मीठ सगळ्यात शेवटी, आणि आधी चाखून. अमेरिकेत मिळणाऱ्या बऱ्याच टर्कींना कारखान्यातच मिठाचं पाणी टोचलेलं असतं. वेष्टनावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं. घरात रक्तदाबाचं कोणी असेल तर हे वाचून घ्याच. पुष्कळदा मला वरून मीठ घालावंच लागलेलं नाही.

बाजूला ठेवलेल्या कातडीचं काय, असं वाटत असेल. तिचे लहान तुकडे कोरड्या तव्यावर मंद आचेवर ठेवा, स्वतःच्याच चरबीत ते कुरकुरीत होतात. कागदावर निथळून माणशी एक लहान चमचा वरून भुरभुरवा. हलकं खायचं म्हणजे प्रत्येक सुखाला नाही म्हणायचं, असं मी मानत नाही.

काही घरांत मांस आणि दही एकत्र खात नाहीत. सासूबाईंचा तसा नेम असेल तर तो मोडायला लावू नका. दह्याऐवजी लिंबाचा रस दुप्पट करा, तोच जेलीचा रस्सा थोडा जास्त घ्या, कूट तेवढंच ठेवा. ही बिनदह्याची कोशिंबीर लेट्यूसच्या पानात गुंडाळून खायला फार छान लागते, आणि मुलं तर तीच मागतात.

हाच हिशोब इथल्या वाचकांनाही लागू आहे. गोव्यात किंवा वसईत नाताळच्या दुसऱ्या दिवशी भाजलेली कोंबडी उरते, पुण्या-मुंबईत एकतीस डिसेंबरची तंदुरी. तंदुरीला मसाला आधीच असतो, तेव्हा आलं आणि मिरची कमी करा, आणि सेलरीऐवजी मुळ्याचे पातळ काप घ्या. क्रॅनबेरीच्या जागी डाळिंबाचे दाणे.

राहता राहिला सासूबाईंचा दुसरा प्रश्न. आला होता, आणि तोही गोव्याच्या वाटेनं! टर्की मूळची अमेरिका खंडातली. मेक्सिकोतल्या लोकांनी ती युरोपीय माणसं तिकडे पोचण्याच्या कितीतरी आधी पाळीव केली. पुढे ती जहाजांतून जगभर गेली, आणि जिथे जाईल तिथे लोक तिला भलत्याच देशाची समजले. इंग्रजांना ती तुर्कस्तानची वाटली. पोर्तुगीज तिला 'पेरू' म्हणतात, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या देशाचं नाव. फ्रेंचांच्या तिच्या नावात हिंदुस्थान दडलेला आहे, तुर्की भाषेत तर ती सरळ 'हिंदी'च आहे, आणि डचांनी तिला आपल्या कालिकतचं नाव दिलं.

आपल्याकडे ती आली ती अशी : मुघल बादशहा जहांगीर यानं आपला सरदार मुकर्रब खान याला गोव्याला धाडलं, तिथे जे जे दुर्मीळ मिळेल ते आणायला. खान परतला तो काही अजब प्राणी-पक्षी घेऊन, आणि त्यांत एक टर्की होती. जहांगीर तिला पाहून थक्क झाला. आपल्या आठवणींत त्यानं तिचं बारकाईनं वर्णन केलं आहे. ती लांडोरीपेक्षा मोठी आणि मोरापेक्षा लहान आहे, माजावर आली की मोरासारखी पिसारा फुलवते, आणि तिच्या डोक्याचे व मानेचे रंग सरड्यासारखे बदलत राहतात, असं तो सांगतो. मग त्यानं आपल्या दरबारचा चित्रकार उस्ताद मन्सूर याच्याकडून तिचं चित्र काढून घेतलं, १६१२ च्या सुमारास. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. चित्राची छापील प्रत किंवा संगणकावरचा फोटो सासूबाईंना मोठा करून दाखवा. पिसांची एकेक ओळ, मानेवरच्या लाल-निळ्या कातडीची एकेक घडी मन्सूरनं इतक्या मायेनं रंगवली आहे की वाटतं, त्या पक्ष्यासमोर तो दिवसच्या दिवस बसला असेल.